सुरी टेकण्याआधीचे इंजेक्शन

भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ नाकाडोंगरी आहे. तुमसरहून कटंगीला जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. आजूबाजूला जंगल, जवळच डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथल्या मँगनीजच्या खाणी, बाकी सगळा धानाचा मुलूख. या भागातल्या बाईच्या वाट्याला आयुष्यात ऑपरेशन आलेच, तर ते बहुतेक वेळा सिझेरियनचे नाहीतर कुटुंब नियोजनाचे असते. त्यातले दुसरे तर ग्रामीण महाराष्ट्रात वर्षानुवर्षे प्राथमिक आरोग्य केंद्रातच होत आले. धान घरात आला, थंडी पडली, की आशाताईंच्या घरोघरी चकरा सुरू होतात आणि बाया ऑपरेशनचा दिवस ठरवतात. शेतीची घाई संपलेली असते, चार दिवस अंगाला आराम मिळतो, थंडीत टाके चिघळत नाहीत असा समजही असतो.

या ऑपरेशनबद्दल गावात खूप बोलले जाते. किती टाके पडले, किती दिवस ओझे उचलायचे नाही, पैसे खात्यात कधी जमा झाले. बोलले जात नाही ते सुरी टेकण्याआधीच्या काही मिनिटांबद्दल. दुखणे थांबवणारी औषधे याच वेळात शरीरात जातात, आणि बाई संध्याकाळी स्वतःच्या पायांनी चालेल की कुशीवर वळतानाही कण्हेल, हे बऱ्याच अंशी तिथेच ठरते. दुखल्यावर गोळी घ्यायची, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. दुखण्याच्या आधीच औषध द्यायचे, म्हणजे नंतरचे दुखणे मुळातच कमी होईल, ही कल्पना त्याहून वेगळी आहे. ती खरी आहे का, किती खरी आहे, याचा शोध शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. या शोधाच्या एका फांदीवरची मोठी चाचणी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने केली.

आधी ऑपरेशनच्या टेबलाजवळ जाऊ. लहान छेदाच्या स्त्री-नसबंदीला मिनिलॅप म्हणतात. त्यात बाई जागी असते. थोडा वेळ आधी तिला दुखणे आणि भीती कमी करणारे इंजेक्शन मिळालेले असते. सरकारी दवाखान्यांत पिढ्यान्पिढ्या चालत आलेली जोडी म्हणजे फोर्टविन आणि फेनरगन. मग सर्जन लिग्नोकेनची सिरिंज हातात घेतो. झायलोकेन या नावाने हे औषध दात काढून घेतलेल्या प्रत्येकाला माहीत असते. स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी १९४३ मध्ये ते तयार केले आणि १९४८ पासून ते बाजारात आहे. बारीक सुईने कातडीत थोडे औषध सोडले की तिथे फुगीर, पांढुरका चट्टा उठतो. त्यानंतर सुई खोल जाते. चरबीचा थर, त्याखाली स्नायूंवरचे चिवट आवरण, त्याखाली पोटाच्या आतला पातळ पडदा. प्रत्येक थरात थोडे थोडे औषध सोडायचे, सुई रक्तवाहिनीत गेली नाही ना हे दट्ट्या मागे ओढून पाहायचे, आणि मग थांबायचे. काही मिनिटांनी चिमट्याने कातडी दाबून विचारायचे, "दुखते काय बाई?" तिने नाही म्हटले तरच छेद घ्यायचा. हो म्हटले तर आणखी थांबायचे, लागले तर वजनाच्या हिशेबात बसेल एवढे औषध आणखी द्यायचे.

नसबंदीच्या दुसऱ्या, दुर्बिणीच्या पद्धतीत गर्भनळीवर सिलिकॉनचे छोटे कडे चढवतात. कड्याने आवळलेल्या भागाचे रक्त तुटते आणि तो भाग पुढचे काही तास कळा देतो, पाळीच्या वेळच्या कळांसारख्या, कधी त्याहून तीव्र. नळीवर बधिर करणाऱ्या औषधाचे थेंब सोडले तर नंतरच्या या कळा कमी होतात, हे अनेक चाचण्यांत दिसले आहे. औषध स्वस्त आहे, काम काही सेकंदांचे आहे. माझ्या मते ग्रामीण शस्त्रक्रियेत इतक्या कमी खर्चात इतका आराम देणारी दुसरी गोष्ट सापडणे कठीण.

याच पद्धतीतले आणखी एक दुखणे बायांना बुचकळ्यात टाकते. ऑपरेशन पोटाचे, मग खांदा का ठणकतो? पोट फुगवण्यासाठी भरलेला वायू छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासपटलाला चाळवतो. त्या पटलाची नस मानेतून निघते, त्यामुळे मेंदूला खांदाच दुखतोय असे वाटते. छेदाजवळ दिलेले इंजेक्शन या दुखण्याला शिवतही नाही. वेदनेच्या वाटा अनेक आहेत, एक औषध सगळ्या वाटा अडवू शकत नाही. म्हणूनच आज भूलतज्ज्ञ दोन-तीन वेगवेगळ्या जातीची औषधे थोडी थोडी एकत्र वापरतात.

ऑपरेशनआधी रुग्णाला काही द्यावे हा विचार आपल्याकडे फार जुना. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सांगितले आहे, की शस्त्रकर्माआधी रोग्याला त्याला रुचेल ते खाऊ घालावे, आणि ज्याला वेदना सोसत नाही व मद्याची सवय आहे त्याला तीक्ष्ण मद्य पाजावे. म्हणजे तो मूर्च्छित होणार नाही आणि शस्त्राची जाणीव कमी होईल. आजच्या भूलशास्त्रात पोट रिकामे ठेवतात, त्यामुळे यातला पहिला सल्ला आता उलटा झाला आहे. दुसऱ्यातला 'आधी' मात्र टिकला.

आधुनिक वैद्यकात हा 'आधी' जोरकसपणे मांडला तो अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचे सर्जन जॉर्ज क्राइल यांनी. त्यांचा एक विद्यार्थी-मित्र ट्रामखाली सापडला, दोन्ही पाय कापावे लागले आणि रक्तदाब कोसळून तो गेला. तो मृत्यू क्राइल यांच्या मनातून कधी गेला नाही. १९१३ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांनी मांडले, की क्लोरोफॉर्म किंवा ईथर दिल्याने माणूस झोपतो, पण जखमेचे निरोप मज्जासंस्थेत जातच राहतात आणि तिला दमवतात. म्हणून सर्वांगाची भूल दिली असली तरी कापायची जागा वेगळी बधिर करावी. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या क्लीव्हलँड क्लिनिकचे ते एक संस्थापक.

क्राइल यांचे म्हणणे आजही कोणत्याही ऑपरेशन थिएटरात डोळ्यांनी पाहता येते. रुग्ण गाढ भूलीत असतो, डोळे चिकटपट्टीने बंद केलेले असतात, हाक मारली तर ओ देत नाही. सर्जन सुरी टेकवतो आणि मॉनिटरवर नाडीचा आकडा चढू लागतो, रक्तदाबही वर जातो. रुग्णाला काही कळलेले नाही, सकाळी त्याला यातले काही आठवणारही नाही, पण शरीराला कळले आहे. छेदाची जागा आधी नीट बधिर केलेली असेल तर तोच आकडा फारसा हलत नाही. भूलतज्ज्ञाला आपले औषध लागू पडल्याची ही पहिली खूण.

शरीराला कळते म्हणजे नेमके काय होते, हे उलगडायला मात्र १९८३ साल उजाडावे लागले. लंडनमध्ये क्लिफर्ड वूल्फ यांनी मेंदूच्या वरच्या भागाशी संबंध तोडलेल्या उंदरांच्या पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचा अभ्यास केला. उंदराच्या पंजाला भाजले. भाजण्याआधी पाय आखडून घ्यायला ज्या जोराचा स्पर्श लागत होता, त्याहून कितीतरी हलका स्पर्श भाजल्यानंतर पुरू लागला. आश्चर्य पुढेच आहे. भाजलेली जागा नंतर बधिर केली, म्हणजे तिथून निरोप येणे बंद केले, तरी मज्जारज्जूचा हा हळवेपणा गेला नाही. जखमेचा परिणाम जखमेपुरता राहिला नव्हता, तो पाठीच्या कण्यात जाऊन बसला होता. 'नेचर' मध्ये छापलेल्या या शोधनिबंधाने वेदनेकडे पाहण्याची दृष्टीच बदलली.

मागची यंत्रणा आता बरीच कळली आहे. जखम झाली की आवरण नसलेले बारीक तंतू, ज्यांना सी-तंतू म्हणतात, सेकंदाला साधारण एक मीटर इतक्या संथ वेगाने पण सतत निरोप धाडत राहतात. मज्जारज्जूतल्या पेशींवर एनएमडीए नावाची ग्राहके असतात. एरवी मॅग्नेशियमचा एक अणू त्यांचे तोंड बंद करून बसलेला असतो. निरोपांचा मारा वाढला की तो अणू बाजूला होतो, कॅल्शियम आत शिरते आणि पेशी उत्तेजित होऊन बसते. मग साधा स्पर्शही वेदना म्हणून वर पाठवला जातो. टाक्यांच्या आसपासची धडधाकट कातडीसुद्धा लुगड्याच्या काठाने का हुळहुळते, याचे उत्तर यात आहे. केटामाइन हे जुने भूलीचे औषध नेमके याच ग्राहकाला अडवते, म्हणून ते थोड्या मात्रेत वेदनाशामक म्हणून पुन्हा वापरात आले.

वूल्फ आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी पॅट्रिक वॉल यांनी १९८६ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. मज्जारज्जू हळवा होण्याआधी मॉर्फिन दिले तर थोड्याशा मात्रेत काम भागते, एकदा हळवा झाला की त्याच परिणामाला कितीतरी जास्त मॉर्फिन लागते. तुमसरकडच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. बांधीचा धुरा फुटण्याआधी टोपलीभर माती पुरते, फुटल्यावर गाडीभरही पुरत नाही. १९८८ मध्ये वॉल यांनी 'पेन' या नियतकालिकाच्या संपादकीयात जगभरच्या डॉक्टरांना सुचवले, की शस्त्रक्रियेनंतरची वेदना आधीच रोखण्याचा विचार करा.

त्याच वर्षी डेन्मार्कमधून थरारून टाकणारा निष्कर्ष आला. पाय कापण्याआधी तीन दिवस पाठीतल्या एपिड्युरल नळीतून औषध देऊन पाय वेदनामुक्त ठेवला, तर नंतर छिन्न अवयवाची वेदना, म्हणजे नसलेला पाय दुखण्याचा तो विचित्र त्रास, कमी झाला. पण त्या चाचणीत रुग्ण होते अवघे २५. पुढे १९९७ मध्ये डेन्मार्कमध्येच ६० रुग्णांवर अधिक काटेकोर चाचणी झाली आणि तिच्यात फरक दिसला नाही. उंदरांत इतके स्वच्छ दिसणारे सत्य माणसांत धूसर का होते, हा प्रश्न उभा राहिला. २००२ मध्ये ८० चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला. औषध सुरीच्या आधी दिले की नंतर, याने एकूण फारसा फरक पडत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. २००५ च्या दुसऱ्या आढाव्यात एपिड्युरल, छेदाच्या जागेचे इंजेक्शन आणि सूज उतरवणारी वेदनाशामके यांत आधी देण्याचा फायदा दिसला.

या गोंधळात एक लाजिरवाणे प्रकरणही आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचे भूलतज्ज्ञ स्कॉट रूबेन हे याच विषयातले मोठे नाव होते. शस्त्रक्रियेआधी विशिष्ट गोळ्यांची जोड दिली तर रुग्णांना कसा आराम पडतो, यावर त्यांचे निबंध जगभर वाचले जात. २००९ मध्ये उघड झाले, की त्यातल्या किमान २१ निबंधांतली माहिती बनावट होती. २०१० मध्ये त्यांना सहा महिन्यांच्या कैदेची शिक्षा झाली. ज्या रुग्णांना ते निबंध वाचून औषधे दिली गेली, त्यांचे काय, हा विचार मन अस्वस्थ करतो.

मग कल्पना खोटी ठरली का? नाही, ती अपुरी ठरली. लिग्नोकेनचा असर तासा-दोन तासांत ओसरतो. जखम मात्र पुढचे कित्येक दिवस सुजलेली असते आणि निरोप पाठवतच असते. सुरीआधी एकदाच दिलेले औषध ओसरले, की मज्जारज्जू उशिरा का होईना हळवा होतोच. म्हणून आता विचार असा आहे, की वेदनेला आधी, मध्ये आणि नंतर अशा तिन्ही टप्प्यांवर अडवायचे. पॅरासिटामॉल आणि मूत्रपिंडाला चालत असेल तर डायक्लोफेनॅकच्या जातीचे औषध शस्त्रक्रियेआधी किंवा दरम्यान सुरू करायचे, छेदाची जागा बधिर करायची, जमेल तिथे अधिक वेळ टिकणारे बुपिव्हॅकेन वापरायचे, आणि नंतर गोळ्या घड्याळ पाहून द्यायच्या, रुग्ण कण्हेपर्यंत थांबायचे नाही. सगळीच औषधे 'आधी' देऊन उपयोगी पडतात असेही नाही. गॅबापेंटिन आणि प्रीगॅबॅलिन बरीच वर्षे ऑपरेशनआधी सर्रास दिली गेली. २०२० मध्ये २८१ चाचण्यांच्या आढाव्यात दिसले, की त्यांनी रुग्णाला जाणवेल असा फरक पडत नाही, चक्कर मात्र वाढते.

ही सगळी धडपड ऑपरेशननंतरच्या दोन रात्री सुखाच्या जाव्यात एवढ्यासाठीच नाही. २००६ मध्ये 'द लॅन्सेट' मधल्या एका महत्त्वाच्या आढाव्यात म्हटले होते, की हर्निया, स्तन, छाती, हृदय अशा नेहमीच्या शस्त्रक्रियांनंतर १० ते ५० टक्के रुग्णांत वेदना रेंगाळते आणि २ ते १० टक्क्यांत ती तीव्र असते. ऑपरेशननंतर सुरू होऊन किमान तीन महिने टिकणाऱ्या वेदनेला आता आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत, स्वतंत्र जागा आहे. ऑपरेशनच्या पहिल्या दिवसांत ज्यांना फार दुखते, त्यांच्यात ही दीर्घ वेदना अधिक आढळते.

आता टाटा मेमोरियलकडे येऊ. तिथले सर्जन आणि पुढे टाटा मेमोरियल केंद्राचे संचालक झालेले डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातल्या ११ कर्करोग केंद्रांत २०११ ते २०२२ या काळात एक चाचणी झाली. स्तनाच्या कर्करोगाच्या १,६०० स्त्रिया तिच्यात होत्या. निम्म्या स्त्रियांना शस्त्रक्रियेच्या सात ते दहा मिनिटे आधी गाठीभोवती सगळीकडून अर्धा टक्का लिग्नोकेनचे इंजेक्शन दिले, उरलेल्या निम्म्यांना दिले नाही. बाकी उपचार दोन्ही गटांना सारखेच. यात मोजायचे होते ते दुखणे नव्हते, आयुष्य होते. गाठ हाताळताना कर्करोगाच्या पेशी निसटू नयेत, त्यांच्या हालचालीला लागणारे सोडियमचे मार्ग लिग्नोकेनने बंद व्हावेत, असा तर्क होता. पाच वर्षांनंतर इंजेक्शन मिळालेल्या गटात ९०.१ टक्के स्त्रिया जिवंत होत्या, न मिळालेल्या गटात ८६.४ टक्के. आजार न उलटलेल्यांचे प्रमाण ८६.६ आणि ८२.६ टक्के. २०२३ मध्ये हे निष्कर्ष 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी' मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या गटाला दिखाऊ इंजेक्शन दिलेले नव्हते, त्यामुळे इतर देशांत अशी चाचणी पुन्हा व्हावी हे म्हणणे रास्त आहे. तरीही कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मिळणारे ऐंशी वर्षे जुने औषध योग्य वेळी, योग्य जागी दिल्याने आयुष्य वाढू शकते, हे मुंबईत दिसले याचा अभिमान वाटतो.

आणि मग नजर पुन्हा आपल्या खेड्यांकडे जाते. बिहारच्या अररिया जिल्ह्यात जानेवारी २०१२ मध्ये एका शाळेत भरवलेल्या शिबिरात दोन तासांत ५३ बायांची नसबंदी उरकली गेली. त्या प्रकरणातून देविका बिस्वास यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १४ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले. तरी नोव्हेंबर २०२२ मध्ये बिहारच्याच खगडिया जिल्ह्यातून बातम्या आल्या, की बायांचे हातपाय धरून, बधिर न करता ऑपरेशने केली गेली. औषध महाग असल्यामुळे असे घडत नाही. लिग्नोकेन देऊन चिमटा लावेपर्यंत थांबायला वेळ लागतो, आणि रांगेत पन्नास बाया असल्या की पहिला बळी त्या वेळेचा जातो. दहा बायांचे ऑपरेशन नीट थांबून करणारे केंद्र पन्नास उरकणाऱ्या शिबिरापेक्षा चांगले काम करते, असे माझे ठाम मत आहे, आणि सरकारी आकड्यांच्या तक्त्यात तसा रकाना असायला हवा.

सुरी टेकण्याआधीच्या आणखी एका इंजेक्शनबद्दल, 'पाठीतल्या इंजेक्शनने कंबर जन्मभर धरते' ही समजूत गावोगाव आहे. सिझेरियनच्या वेळी पाठीत देतात त्या भूलीने काही दिवस सुईच्या जागी दुखू शकते, क्वचित डोके दुखते. जन्मभराची कंबरदुखी तिच्यामुळे होते असे अभ्यासांत दिसलेले नाही. बाळंतपणानंतरच्या कंबरदुखीला गरोदरपण, वाकून केलेली रोवणी आणि डोक्यावरचे ओझे ही कारणे पुरेशी आहेत. या भीतीपायी पाठीतली भूल नाकारू नका.

तुमच्या घरात कुणाचे ऑपरेशन ठरले असेल, तर डॉक्टरांना किंवा भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच विचारा: सुरी लावण्याआधी दुखण्यासाठी काय देणार, जागा बधिर करणार का, आणि भूल उतरल्यावर पहिली गोळी किती वाजता द्यायची. स्वतःच्या मनाने मात्र आधी गोळी घेऊन जाऊ नका. अ‍ॅस्पिरिन आणि काही वेदनाशामकांनी रक्तस्राव वाढतो, मूत्रपिंडाला त्रास होतो. कोणती औषधे चालू आहेत, कशाची अ‍ॅलर्जी आहे, पूर्वीच्या भूलीत काही झाले होते का, हे न विचारताही सांगा. आणि टेबलावर चिमटा लागल्यावर दुखत असेल, तर संकोच न करता "दुखते" म्हणा. त्यानंतर डॉक्टरांनी थांबलेच पाहिजे.